मलावीच्या खेड्यांत मच्छरदाणी वाटप: मिशन दौऱ्याला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून आफ्रिकेत सेवेला जायची इच्छा असणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं काही लिहिण्यात अर्थ नाही. इथे मलावी हा एकच देश धरला आहे. मच्छरदाणी वाटून झाली म्हणजे काम संपलं, असं अनेकांना वाटतं. ती दोऱ्यांनी टांगली गेली आणि रात्री तिच्याखाली माणसं झोपली तरच ती मोजायची, हे धरून पुढचं सगळं वाचावं.

मलेरिया आपल्याकडेही आहे. एवढ्या लांब कशाला जायचं?

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सरकारी कार्यक्रमातून कीटकनाशकभारित मच्छरदाण्या वाटल्या जातात. तिथे हातभार लावायची संधी मिळत असेल तर ती आधी घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आफ्रिकेतलं ओझं वेगळ्याच मापाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातले ९५ टक्के मृत्यू एकट्या आफ्रिका विभागातले, आणि तिथल्या दर चार मृतांमधली साधारण तीन पाच वर्षांखालची मुलं. मलावीतला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपॅरम या परजीवीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा आणि लहान मुलाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकणारा.

ख्रिस्ती मिशनचा या तापाशी तिथे जुना संबंध आहे. बिशप चार्ल्स मॅकेन्झी १८६१ मध्ये आजच्या मलावीतल्या मागोमेरोला पोहोचले. पुढच्याच जानेवारीत होडी उलटून त्यांची औषधं पाण्यात गेली आणि ते तापाने वारले. स्कॉटिश मिशनने १८७५ मध्ये मलावी सरोवराकाठी केप मॅक्लियरला तळ टाकला, माणसं दगावत राहिल्यामुळे १८८१ मध्ये तो बांडावेला हलवला आणि शेवटी १८९४ मध्ये उंच पठारावर नेला. तेच आजचं लिव्हिंगस्टोनिया. पाहुण्यांना उंचावर सरकता आलं. काठावरच्या गावांना तो मार्ग नव्हता, आजही नाही.

मच्छरदाणीने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि मोजून पडतो. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाच्या ज्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या, त्यातल्या ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे टळल्या असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. कारण साधं आहे. मलेरिया पसरवणारा अॅनोफिलीस डास मुख्यत्वे रात्री दहानंतर पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे माणूस झोपलेला असताना. जाळीवरचं कीटकनाशक लागून डास मरतो, त्यामुळे गावातल्या बऱ्याच घरांत मच्छरदाण्या असल्या की ज्यांच्याकडे नाही त्यांनाही थोडं संरक्षण मिळतं. साध्या, औषध नसलेल्या जाळीत हा गुण नाही. तिला एक भोक पडलं की डास आत, आणि कोपर जाळीला टेकलं तर बाहेरूनही चावतो.

प्रत्येकाने बॅगेतून थोड्या-थोड्या मच्छरदाण्या नेल्या तर?

नका नेऊ. एका मच्छरदाणीचं वजन साधारण अर्धा किलो. २३ किलोच्या बॅगेत पंचेचाळीसएक बसतील. दहा जणांनी कपडे मागे ठेवून नेल्या तरी साडेचारशे, म्हणजे जेमतेम एका मध्यम गावापुरत्या. शिवाय आपल्या बाजारातल्या बहुतेक मच्छरदाण्या साध्या असतात. औषधाच्या असल्या तर त्या तिथल्या कायद्याने कीटकनाशकात मोडतात आणि कागदपत्रांशिवाय विमानतळावर अडकतात.

बॅगेत न्यायच्याच असतील तर पक्क्या शाईचे मार्कर, सुया, जाड दोरा आणि हातमोजे न्या. तिथे हे हमखास कमी पडतं.

कोणती मच्छरदाणी घ्यायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीत नाव असलेलीच, आणि तीही मलावीच्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमाला विचारून. किमान वीस धुण्यांपर्यंत आणि सुमारे तीन वर्षं औषध टिकावं, अशी तिची रचना असते. साधारण माप १८० सेंमी लांब, १८० किंवा १९० रुंद, १५० ते १८० उंच. छिद्रं चौरस इंचाला सुमारे १५६. पॉलिएस्टरची ७५ डेनिअरची (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) जाळी मऊ असते पण लवकर फाटते. १०० डेनिअर घेतलेली बरी. पॉलिथिलीनची १५० डेनिअरची दणकट असते, मात्र हाताला खरखरीत लागते आणि काहींना ती आवडत नाही.

खरा प्रश्न औषधाचा आहे. आफ्रिकेतल्या बऱ्याच भागांत डास जाळीवरच्या नेहमीच्या, पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांना दाद देत नाहीत. म्हणून दोन नव्या जाती आल्या. एकीत पायरेथ्रॉइडबरोबर पीबीओ हा घटक असतो, तो डासाची औषध पचवण्याची ताकद मोडतो. दुसरीत पायरेथ्रॉइडबरोबर क्लोरफेनापिर हे दुसरं कीटकनाशक असतं. टांझानिया आणि बेनिनमधल्या चाचण्यांनंतर मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिची शिफारस केली. क्लोरफेनापिर लागलेला डास जागच्या जागी पडत नाही, मरायला दोन-तीन दिवसही घेतो. गावकरी म्हणतात, “डास बसतो, उडतो, मरत कुठे?” हे वाटपाच्या दिवशीच समजावून सांगा, नाहीतर “ही खोटी आहे” अशी हूल उठते.

यादीतल्या काही मच्छरदाण्या आपल्याकडे तामिळनाडूतल्या करूरमध्ये बनतात. किंमत जातीप्रमाणे नगाला साधारण दोन ते तीन डॉलर. वाहतूक आणि वाटपाचा खर्च वेगळा धरा. तो विसरल्यामुळे गासड्या गोदामात पडून राहतात.

किती लागतील?

नियम दोन माणसांमागे एक. पण खरेदी करताना लोकसंख्येला २ ऐवजी १.८ ने भागतात. ६४० वस्तीचं गाव धरा. एका घरात सरासरी ४.४ माणसं, म्हणजे सुमारे १४५ घरं. दोनाने भागलं तर ३२० येतात. परंतु जवळपास निम्म्या घरांत माणसं विषम संख्येने असतात: तिघांना दीड मच्छरदाणी देता येत नाही, दोन द्याव्या लागतात. अशा ७२ घरांची अर्धी-अर्धी धरली की आणखी ३६. एकूण ३५६. ६४० भागिले १.८ केलं तरी तेच येतं.

गासडीत बहुधा पन्नास नग असतात, म्हणजे आठ गासड्या, ४०० नग. उरलेल्या ४४ गावात “कुणाला हव्यात?” म्हणून वाटू नका. त्या सही घेऊन जवळच्या आरोग्य केंद्राला द्या. मलावीत गरोदर बाईला पहिल्या तपासणीला आणि बाळंतपणानंतर बाळासाठी मच्छरदाणी द्यायची पद्धत आहे, तिथे त्या लागतातच.

कुणाची परवानगी घ्यायची? आमची मंडळी तिथल्या पाळकांना ओळखते, तेवढं पुरे नाही का?

पुरे नाही. मलावीत दर तीन वर्षांनी सरकारी मोहिमेतून देशभर मच्छरदाण्या वाटल्या जातात. तुम्ही निवडलेल्या गावाला चार महिन्यांपूर्वी मिळाल्या असतील तर तुमच्या वाटपाने घरांत दुबार होणार, आणि जादा झालेली मच्छरदाणीच बाजारात किंवा मासेमारीत जाते. म्हणून पहिलं पत्र राष्ट्रीय कार्यक्रमाला आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाला. मोहिमेत कुठली गावं सुटली, कुठे पुरात मच्छरदाण्या वाहून गेल्या (मार्च २०२३ च्या फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेत हेच झालं), कुठल्या केंद्रावर साठा संपला, हे तेच सांगू शकतात. मिशन गटाने अशा फटी बुजवाव्यात.

ख्रिस्ती बाजूने आधार घ्यायचा तर चाम, म्हणजे ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी. कॅथलिक बिशपांची परिषद आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची परिषद यांची ही संयुक्त संस्था. एक्वेन्डेनी, न्खोमा, मुलांजे, न्खोटाकोटाचं सेंट अॅन्स अशी मिशन हॉस्पिटलं ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत.

त्यानंतर गावचा म्फुमू, म्हणजे मुखिया, आणि त्याच्या वरचे गटमुखिये. त्यांना भेटल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर जाऊ नका. गावातलं प्रत्यक्ष काम एचएसए करतात. हे सरकारी आरोग्य सेवक, आपल्याकडच्या आशाताईंसारखे घरोघर ओळखीचे; ठरवलेलं प्रमाण साधारण हजार माणसांमागे एक. दौऱ्याचे खरे पुढारी तेच. तुम्ही त्यांच्या मागे उभं राहायचं.

माल तिथपर्यंत कसा पोहोचतो, आणि कुठे अडकतो?

मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिकमधल्या बैरा किंवा नाकाला, नाहीतर टांझानियातल्या दार-एस-सलामला उतरतो आणि पुढे ट्रकने किंवा रेल्वेने येतो. बहुतेक वेळा अडतो तो करमाफीच्या पत्रावर. माल जहाजावर चढण्याआधी पत्र हातात हवं. माल आल्यावर अर्ज केला तर कंटेनर उभा राहतो आणि दिवसाचं भाडं चढत जातं. जहाजाची कागदपत्रं, औषधाचा तपशील आणि मालाची यादी यांत आकडा एकसारखा असावा. एका ठिकाणी “नग”, दुसरीकडे “गासड्या” लिहिलं की चौकशी सुरू.

गोदाम कोरडं आणि हवेशीर हवं, गासड्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. उचलताना लोखंडी आकडा लावू नका, एका आकड्याने आतल्या पाच-सहा मच्छरदाण्यांना भोकं पडतात. बंद कंटेनर उघडल्यावर लगेच आत शिरू नका, अर्धा तास हवा लागू द्या. गासड्या हाताळणाऱ्यांनी हातमोजे आणि मास्क घालावेत. चेहऱ्याला मुंग्या आल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं; साबणाने धुतलं की ते काही तासांत ओसरतं.

कुठल्या महिन्यात जावं?

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि त्याच्या मागोमाग मलेरिया चढतो. डिसेंबरनंतर मातीच्या रस्त्यांवर ट्रक रुततात. जानेवारी ते मार्च हा घरातला मका संपण्याचा काळ. त्या दिवसांत नवीकोरी, पाकिटातली मच्छरदाणी मिळाली तर ती विकून पोरांच्या पोटात न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) घालणाऱ्या आईला दोष देता येणार नाही. तुम्ही वेळ चुकवलीत, एवढाच त्याचा अर्थ.

घरांची नोंद कशी करतात?

वाटपाच्या दोन-तीन आठवडे आधी एचएसए आणि गावातला एक स्वयंसेवक मिळून प्रत्येक दारात जातात. वहीत कुटुंबप्रमुखाचं नाव, काल रात्री घरात झोपलेल्या माणसांची संख्या, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, आणि आधीच्या चांगल्या मच्छरदाण्या किती, एवढंच लिहायचं. “घरात किती जण?” असं विचारलं की शहरात असलेला मुलगाही मोजला जातो, “काल रात्री कोण-कोण झोपलं?” विचारलं की आकडा बरोबर येतो. घराला क्रमांकाचं कूपन द्यायचं, वहीत अंगठा घ्यायचा.

मग दुसऱ्या जोडीने निवडक घरं पुन्हा मोजायची: १४५ घरांत सात-आठ. त्यातल्या दोनपेक्षा जास्त घरांत फरक निघाला तर ती वाडी पुन्हा करावी. यादी म्फुमूच्या अंगणात मोठ्याने वाचून दाखवली की सुटलेली विधवा, एकटी म्हातारी, दुसऱ्या बायकोचं वेगळं घर, हे सगळं तिथल्या तिथे लक्षात येतं.

वाटपाच्या दिवशी काय क्रम असतो?

शाळेचं पटांगण किंवा मोठ्या झाडाची सावली बघा. दोरी बांधून आत जायची वाट एक, बाहेर पडायची वेगळी. पहिल्या टेबलावर कूपन आणि वही जुळवायची. दुसऱ्यावर मच्छरदाणी पाकिटातून काढून पट्टीवर मार्करने कुटुंबाचं नाव लिहायचं: उघडलेली, नाव घातलेली मच्छरदाणी सहसा विकली जात नाही. तिसऱ्या जागी टांगून दाखवायची. एका घराला साडेतीन मिनिटं धरा; दोन रांगा असतील तर १४५ घरांना सव्वाचार तास लागतात. सकाळी आठला सुरू केलं तर दुपारपर्यंत आटोपतं. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेतलेल्या आया पुढे.

माल पूर्ण मोजून झाल्याशिवाय पहिली मच्छरदाणी देऊ नका. शेवटच्या वीस घरांना कमी पडली तर त्या गावात पुढची दहा वर्षं मंडळीचं नाव त्याच गोष्टीसाठी निघतं.

टांगायचं काम आम्ही करायचं का?

घरच्यांनी करायचं, तुम्ही सोबत राहायचं. दौऱ्याचे सर्वांत जास्त दिवस यासाठीच ठेवा. वाटप एका दिवसात होतं, टांगायला चार दिवस लागतात.

आधी मच्छरदाणी सावलीत चोवीस तास पसरून ठेवायची. हे टाळलं तर पहिल्याच रात्री मुलांचे डोळे चुरचुरतात आणि ती गुंडाळून कोपऱ्यात जाते. प्रत्येक नगाला चार खिळे आणि सात मीटर दोरी लागते. ३५६ नगांना १,४२४ खिळे आणि जवळपास अडीच हजार मीटर दोरी. मच्छरदाणीच्या बजेटमध्ये हे दोन आकडे बहुधा नसतात, आणि नेमकी तिथेच गाडी अडते, कारण ज्या घरात दोरी नाही तिथे मच्छरदाणी गाठोड्यातच राहते.

आता एक घर बघा. कच्च्या विटांची एकच खोली, तीन मीटर बाय तीन. वर गवताचं छप्पर, वासे धुराने काळे. एका भिंतीला मक्याची पोती, जमिनीवर म्फासा, म्हणजे बोरूची चटई. मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की दोन दिवसांत भिंतीची माती सुटून तो हातात येतो. अशा घरात खिळ्याचा नाद सोडायचा आणि दोऱ्या वाशांना बांधायच्या, किंवा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोन आडव्या दोऱ्या ताणून त्यांवर चार कोपरे अडकवायचे. उंचीचा हिशोब करूनच गाठ मारा. जाळी १५० सेंमी उंच असेल आणि माणूस चटईवर झोपत असेल तर वरचे कोपरे जमिनीपासून १३० वर बांधायचे, म्हणजे वीस सेंमी कड चटईखाली खोचायला उरते. खाट ४० सेंमी उंच असेल तर कोपरे १७० वर. कड नुसती लोंबती राहिली तर डास खालून शिरतो आणि घरातले म्हणतात, मच्छरदाणीचा काही उपयोग नाही.

दिवसा त्याच खोलीत वावर असतो, चूलही कधी तिथेच. सकाळी उठल्यावर जाळी पिळून वर गाठ मारायची. लोंबती जाळी पोरं ओढतात, शेळी चावते, ठिणगीने भोक पडतं. पेटलेली मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा आत कधीच नको. हे प्रत्येक घरात सांगा.

लोक मच्छरदाणीने मासे पकडतात असं ऐकलं. मग देऊन काय फायदा?

पकडतात. मांगोची, सलिमा, न्खोटाकोटा, न्खाता बे या सरोवराकाठच्या जिल्ह्यांत चार-सहा मच्छरदाण्या एकमेकींना शिवून उथळ पाण्यात दोघं-तिघं ओढत नेताना दिसतात. उसिपा नावाचे बोटाएवढे मासे त्यांवर वाळत घातलेलेही दिसतात. इतक्या बारीक जाळीत चांबो माशाची पिल्लंही सुटत नाहीत, आणि पायरेथ्रॉइड माशांना विषारीच असतं. म्हणजे मलेरिया आणि मासळी दोन्हीकडे नुकसान.

तरी यावरून वाटप थांबवणं चूक ठरेल. यासाठी वापरली जाणारी मच्छरदाणी बरेचदा जुनी, फाटलेली, नाहीतर घरात गरजेपेक्षा जास्त झालेली असते. म्हणून काठाच्या गावांत मोजणी जास्त काटेकोर हवी, नग उघडून नाव घालूनच द्यायचा, आणि बीच व्हिलेज कमिटीला (मासेमारीचे नियम बघणारी गावातलीच समिती) वाटपाआधी बैठकीला बोलवायचं. “असं करू नका” हे त्यांनी सांगितलं तर गाव ऐकतं. पाहुण्याने सांगितलं तर मान डोलावतं.

जुन्या मच्छरदाण्या गोळा करायच्या का?

नाही, निदान नवी टांगली जाईपर्यंत तर नाहीच. फाटकीही काही नसण्यापेक्षा बरी. गोळा करून त्या योग्य रीतीने नष्ट करायची सोय नसेल तर त्या घरातच राहू द्या. खिडकीला, छप्पर आणि भिंतीमधल्या फटीला लावता येतात. पाण्यात टाकायच्या नाहीत, उघड्यावर जाळायच्या नाहीत. रिकाम्या पाकिटांचंही तसंच. त्यांना आतून औषध लागलेलं असतं, म्हणून त्यांत पीठ, मीठ, पाणी ठेवू देऊ नका. वाटपाच्या जागीच ती पोत्यात जमा करा, मोजा आणि जिल्हा आरोग्य कार्यालय सांगेल तिथे पोहोचवा.

धुवायची कशी? फाटली तर?

मळली की, पण तीन महिन्यांतून एकापेक्षा जास्त वेळा नको. साधा अंगाचा साबण, थंड पाणी, हलक्या हाताने. ब्लीच आणि कपड्याची कडक पावडर औषध उतरवते, उन्हात वाळवलं तरी तेच. घरापाशी बादलीत धुवायची, नदीत किंवा सरोवरात नाही. पाणी खड्ड्यात ओतायचं. भोक दिसलं की त्याच दिवशी सुई-दोऱ्याने शिवायचं, मोठं असेल तर ठिगळ. वाटपाच्या दिवशी प्रत्येक दहा घरांमागे एक सुई आणि दोऱ्याचं रीळ द्या.

ढेकणांची तक्रारही येईल. औषधाने डास मरतात, पण बऱ्याच ठिकाणी ढेकूण त्याला सरावलेले आहेत, आणि लोकांना वाटतं मच्छरदाणीनेच ढेकूण आणले. ही तक्रार हसण्यावारी नेली तर मच्छरदाणी उतरवली जाते. चटया दर आठवड्याला कडक उन्हात घालायला सांगा.

वाटप करताना सुवार्ता सांगायची का?

रांगेत नाही. आधी प्रार्थना मग मच्छरदाणी, किंवा पत्रक घेतलं तरच मच्छरदाणी, असं काहीही नको. मांगोचीत याओ लोकांची वस्ती मोठी आहे आणि ते बहुसंख्य मुसलमान आहेत. डास घर बघून चावत नाही, म्हणून मशिदीच्या बाजूची वाडी सुटली तर चर्चच्या बाजूच्या वाडीलाही मलेरिया राहतोच. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही स्पष्ट लिहिलं आहे की मदत धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी वापरू नये. तिथल्या मिशन हॉस्पिटलांची रीतही हीच: जो येईल त्याला उपचार.

रविवारी स्थानिक मंडळीच्या उपासनेत जरूर बसा, बोलावलं तर साक्ष द्या, गाणं म्हणा. गटाची सकाळची प्रार्थना मुक्कामी करा. कुणी आपणहून “तुम्ही हे का करता?” विचारलं तर खरं उत्तर द्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शुक्रवारी दुपारी वाटप ठेवू नका. मच्छरदाणी हातात धरलेल्या मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांना आणि म्फुमूला विचारून, आणि नावं-गावं न टाकता.

गावात फिरणं सुरक्षित आहे का?

मलावीची माणसं मोकळी आणि अगत्यशील आहेत. “मुली ब्वांजी?” (कसे आहात?) विचारलं की चेहरा खुलतो, “झिकोमो” (धन्यवाद) म्हटलं की आणखी. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत मुलांजे आणि फालोम्बे भागात “रक्त शोषणारे” फिरत असल्याची अफवा उठली. संशयावरून जमावाने माणसं मारली, रात्रीची संचारबंदी लागली आणि संयुक्त राष्ट्रांनी आपले कर्मचारी तिथून हलवले. अनोळखी माणसं, औषधाचा वास, अंधार पडल्यावर घरात डोकावणं, हे सगळं अशा अफवेला खतपाणी घालतं. म्हणून एचएसएशिवाय कुठल्या घरी जाऊ नये, सूर्यास्तानंतर मुक्कामी असावं, आणि रक्ततपासणीचे किट हौसेने बाहेर काढू नयेत.

पैसे भारतातून कसे पाठवायचे?

मंडळीचा ट्रस्ट आयकर सवलतीखाली नोंदलेला असेल तर त्याचा पैसा देशाबाहेर खर्च करण्याआधी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. ती नसताना पाठवला तर त्या रकमेवरची करसवलत जाते. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत, देणगी धरून, पाठवता येतात, पण परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर भारतातली करवजावट मिळत नाही. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. दाननिधी आहे तो, विधवेचं नाणं त्यात असतं.

आम्ही कुठली औषधं आणि लसी घ्यायच्या?

“आम्ही डासांतच वाढलोय” हा समज सोडा. मुंबई-पुण्याच्या माणसाला तिथल्या फाल्सिपॅरमविरुद्ध काहीच प्रतिकारशक्ती नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्या: अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज आणि परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. स्वतःही औषधाच्या मच्छरदाणीतच झोपा.

मुंबईहून लिलाँग्वेला बहुधा आदिस अबाबामार्गे जावं लागतं. इथिओपिया भारताच्या पीतज्वर यादीत आहे, त्यामुळे लस घेऊन पिवळं कार्ड बरोबर ठेवावं हे उत्तम. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि कार्ड आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

सरोवरात पोहू नका. पाणी आरशासारखं निर्मळ दिसतं, तरी काठालगत बिलहार्झिया या कृमिरोगाचे जंतू असतात. पाय बुडवला असेल तर परतल्यावर डॉक्टरांना तसं सांगा.

आम्ही परत आल्यावर काय उरतं?

तपासणी. एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी एचएसएने वहीतलं प्रत्येक दहावं-बारावं घर बघावं, म्हणजे १४५ पैकी बाराएक. आत जाऊन बघायचं: मच्छरदाणी टांगलेली आहे का, किती भोकं, आणि काल रात्री तिच्याखाली कोण झोपलं. बाप झोपला आणि पोरं बाहेर राहिली, असं निघालं तर त्याच घरात बसून बोलायचं. एचएसएच्या सायकलची दुरुस्ती आणि त्याचा दिवसभराचा भत्ता यासाठीचे पैसे दौऱ्याच्या बजेटमध्येच बाजूला काढून ठेवा, आणि ते मिशन हॉस्पिटलच्या खात्यातून जाऊ द्या.

परतल्यावर ताप आला तर?

त्याच दिवशी रक्त तपासा, गोळ्या नियमित घेतल्या असतील तरी. परतल्यानंतर तीन महिने हे लक्षात असू द्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “मी मलावीहून आलो आहे.” पावसाळी ताप किंवा डेंग्यू समजून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढणं धोक्याचं आहे. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा रक्त द्या. गटातल्या एकाला मलेरिया निघाला तर बाकी सगळ्यांना त्याच संध्याकाळी फोन करून कळवा.